कोणाचा वायू, कोणाची जमीन, कोणाचा नफा?

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील मक्याचा शेतकरी बहुधा रिपब्लिकन पक्षाला मत देतो, खाजगी मालमत्ता पवित्र मानतो आणि 'समाजवाद' हा शब्द त्याला शिवीसारखा वाटतो. २०२१ पासून मात्र हाच शेतकरी एका खाजगी कंपनीविरुद्ध कोर्टकचेऱ्या करीत आला आहे. पर्यावरणवादी आणि मूळनिवासी जमातींचे लोक या लढ्यात त्याच्या शेजारी उभे आहेत. भांडवलशाहीच्या माहेरघरी अशी विलक्षण आघाडी का उभी राहावी? इथेनॉल कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली पुरण्याच्या उद्योगात याचे उत्तर आहे. हा उद्योग पृथ्वीच्या उद्धारासाठी आहे असे सांगितले जाते. त्याचा हिशोब एकदा नीट मांडून पाहिला पाहिजे.

मक्याच्या पिठाच्या द्रावात यीस्ट घातले की साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते आणि बुडबुड्यांच्या रूपाने कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १८० किलो ग्लुकोजपासून ९२ किलो इथेनॉल आणि ८८ किलो हा वायू, असे रसायनशास्त्राचे सरळ गणित आहे. म्हणजे जेवढे इंधन, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा वायू. औष्णिक वीजकेंद्राच्या धुरात हा वायू विरळ असतो. तो वेगळा काढण्यास रसायने आणि भरपूर उष्णता खर्चावी लागते. किण्वनाच्या टाकीतून येणारा वायू मुळातच जवळपास शुद्ध असतो. त्यातील पाणी काढले आणि तो दाबला की काम झाले. म्हणूनच आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने असा वायू पकडण्याचा खर्च टनामागे १५ ते २५ डॉलर धरला, तर सिमेंट व वीजनिर्मितीसाठी तोच ४० ते १२० डॉलर.

आता तिजोरीकडे वळावे. अमेरिकन करकायद्यातील कलम ४५-क्यू २००८ साली आले, तेव्हा जमिनीत पुरलेल्या टनामागे २० डॉलरची सवलत होती. २०१८ च्या दुरुस्तीने ती ५० डॉलरकडे नेली आणि ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने ८५ डॉलरवर नेऊन ठेवली, तीही बारा वर्षे. सिमेंटवाल्याला ८५ आणि इथेनॉलवाल्यालाही ८५! रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले, ते येथे तंतोतंत लागू पडते. नापीक जमिनीच्या खर्चावर भाव ठरला की सुपीक जमिनीच्या मालकाच्या पदरात काहीही न करता फरक पडतो. त्याला कष्टाचे फळ म्हणत नाहीत, खंड म्हणतात. येथे तो खंड बाजाराने दिलेला नाही, सरकारने करदात्याच्या खिशातून काढून दिलेला आहे.

समिट कार्बन सोल्युशन्स या कंपनीची योजना उदाहरणादाखल घ्यावी. पाच राज्यांतील ५७ इथेनॉल कारखान्यांचा वायू सुमारे २५०० मैलांच्या पाइपलाइनने नॉर्थ डकोटात नेऊन खोल खडकात सोडायचा. क्षमता वर्षाला १ कोटी ८० लाख टन. याला ८५ ने गुणले की वर्षाला १५३ कोटी डॉलर होतात आणि बारा वर्षांत १८३६ कोटी. प्रकल्पाचा भांडवली खर्च ९०० कोटी डॉलरच्या आसपास सांगितला गेला. वाहतुकीचा आणि पुरण्याचा चालू खर्च वजा केला तरी उरणारी रक्कम पाहून कोणत्याही सावकाराचे डोळे दिपावेत. या व्यवहारात ग्राहक नाही, बाजारपेठ नाही, विक्रीचा धोका नाही. जो माल कोणालाच नको तो पुरून टाकायचा आणि सरकारकडून पैसे घ्यायचे.

हवामानबदलाला थोतांड म्हणणाऱ्या डोनाल्ड ट्रम्प यांनी जुलै २०२५ मध्ये वारा व सूर्य यांपासून होणाऱ्या विजेच्या सवलतींना कात्री लावली, पण या सवलतीला हात लावला नाही. उलट तिच्यात भर घातली. हा वायू जुन्या तेलविहिरींत दाबून आणखी तेल उपसणाऱ्यास आधी कमी, म्हणजे ६० डॉलर मिळत. नव्या प्रकल्पांसाठी त्यालाही ८५ डॉलर देऊ केले. तेल काढण्यासाठी पुरलेला टन आणि पृथ्वी वाचवण्यासाठी पुरलेला टन सरकारच्या वहीत एकाच भावाचा ठरला. त्याच कायद्याने स्वच्छ इंधनाच्या निराळ्या सवलतीची मुदत २०२९ पर्यंत वाढवली आणि इथेनॉलचे प्रदूषण मोजताना इंधनपिकासाठी अन्यत्र नांगरल्या जाणाऱ्या गवताळ व जंगल जमिनींचा हिशोब धरू नये असे ठरवून टाकले. ताळेबंदातील नकोशी ओळ खोडणाऱ्या मुनिमाला तुरुंगात पाठवतात. येथे ते काम विधिमंडळानेच केले.

आणि ही खोडलेली ओळच तर महत्त्वाची आहे. टाकीवरचा बुडबुडा हा मक्याच्या इथेनॉलच्या प्रदूषणाचा केवळ एक भाग. नत्रखत बनवताना जळणारा नैसर्गिक वायू, शेतातून उडणारा नायट्रस ऑक्साइड, ऊर्ध्वपातनासाठी लागणारी उष्णता, हे सारे जागच्या जागी राहते. २०२२ साली अमेरिकन विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मक्याचे इथेनॉल पेट्रोलहून कमी प्रदूषक नाही, बहुधा किमान २४ टक्क्यांनी अधिकच आहे असा निष्कर्ष काढला. सरकारी प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. वाद मिटलेला नाही. पण जो वाद मिटलेला नाही त्यावर अब्जावधी डॉलर लावताना कोणी कचरले नाही, हेही ध्यानात ठेवावे.

वायू पुरणे अशक्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. ते खोटे ठरेल. इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे एडीएम या बड्या धान्य कंपनीच्या कारखान्याचा वायू २०११ ते २०१४ या काळात खोल वालुकाश्मात सोडण्यात आला, सुमारे दहा लाख टन. मग २०१७ पासून मोठे काम सुरू झाले. त्याला केंद्र सरकारने १४ कोटी डॉलरहून अधिक मदत दिली. पण २०२४ साली तेथील निरीक्षण विहिरीची नळी गंजल्यामुळे वायू परवानगी नसलेल्या थरात शिरल्याचे उघड झाले आणि काम काही काळ थांबवावे लागले. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, इलिनॉयने लाखो लोकांची तहान भागवणाऱ्या महोमेट जलधराच्या क्षेत्रात असा वायू पुरण्यास बंदी केली.

पाइपलाइनचा धोका त्याहून जवळचा. २२ फेब्रुवारी २०२० रोजी मिसिसिपीतील सटार्शिया गावाजवळ दरड घसरून अशी वाहिनी फुटली. तो वायू इथेनॉलचा नव्हता, त्यात हायड्रोजन सल्फाइडही मिसळलेला होता. परंतु हवेपेक्षा जड असा कार्बन डायऑक्साइड सखल भागात साचला की काय होते ते जगाने पाहिले. प्राणवायूअभावी मोटारींची इंजिने बंद पडली, सुमारे दोनशे लोकांना घरे सोडावी लागली आणि ४५ जणांना रुग्णालय गाठावे लागले. ज्याच्या शेतातून ही वाहिनी जाणार त्याने प्रश्न विचारले तर त्याला विकासाचा शत्रू कसे म्हणावे?

पण त्याला विचारतो कोण! आयोवाच्या नियामक मंडळाने जून २०२४ मध्ये समिटला सक्तीच्या संपादनाचा अधिकार देऊन टाकला. शाळा, रस्ता, धरण यांसाठी शेतकऱ्याने जमीन द्यावी या तत्त्वात समाजवाद्याला आक्षेप नाही. येथे मात्र सार्वजनिक हेतूची वस्त्रे नेसून खाजगी नफा दाराशी आला होता. शेजारच्या साउथ डकोटात ही सोंगे चालली नाहीत. कंपनी सर्वांसाठी खुली वाहतूकदार असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. नोव्हेंबरच्या जनमतात सुमारे ५९ टक्के मतदारांनी कंपनीला सोयीचा कायदा फेटाळला आणि मार्च २०२५ मध्ये अशा पाइपलाइनसाठी सक्तीचे संपादनच बेकायदा ठरले. आयोवाच्या विधिमंडळाने संपादनाला आवर घालणारे विधेयक मंजूर केले, ते मात्र गव्हर्नरांनी जून २०२५ मध्ये नकाराधिकाराने मारले.

बांधकाम कामगारांच्या काही संघटना कंपनीच्या बाजूने उभ्या राहिल्या, ही या कहाणीतील सर्वांत बोचणारी गोष्ट. त्यांना दोष देणे सोपे आहे. पाइपलाइन खणण्याचे काम दोन हंगामांचे असले तरी मजुरी चांगली असते, आणि उपाशी पोटाला हवामानाचे आकडे ऐकवून भागत नाही. तेच १८३६ कोटी डॉलर रेल्वे, घरे आणि वीजजाळ्यावर खर्च केले असते तर याच कामगारांना किती वर्षांचे काम मिळाले असते, हा प्रश्न डाव्या चळवळीने त्यांच्यापुढे ठेवायला हवा होता. तो कोणी ठेवला नाही, म्हणून कंपनीचे काम सोपे झाले.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी याला परक्या देशाची कथा समजू नये. येथील साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतूनही तोच शुद्ध वायू निघतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे लक्ष्य २०२५ मध्ये गाठले गेले, आणि वायू पकडून पुरण्याचा आराखडा नीती आयोगाने २०२२ मध्येच प्रसिद्ध केला. संपादनाचे हत्यारही तयार आहे. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्याने जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते, पण त्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. वापराच्या हक्कापोटी मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के. त्या कायद्यात आणखी एका वायूचे नाव घालायला संसदेचा एक दिवसही लागणार नाही. अशी दुरुस्ती मांडली जाईल तेव्हा शेतकरी संघटना, साखर कामगारांच्या संघटना आणि पक्षाच्या तालुका समित्या यांची भूमिका आधीच ठरलेली असली पाहिजे, आणि ती ठरवण्याची बैठक ऊसतोडीचा पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी व्हायला हवी.