चावडीची पायरी अंधालाही समजली पाहिजे

गावात नवी इमारत उभी राहिली की आपण काय पाहतो? स्लॅब किती इंची, फरशी कुठली, कोनशिलेवर नावे कुणाची. ज्याला दिसत नाही असा माणूस फाटकापासून साहेबांच्या टेबलापर्यंत एकटा पोहोचेल का, हे मात्र कुणी पाहत नाही. ग्रामपंचायत, दवाखाना, सोसायटी, बँक, शाळा, बाजार समितीचे आवार या जागा साऱ्या गावासाठी आहेत. अंध माणूसही त्याच गावात राहतो, घरपट्टी तोही भरतो.

शेती खात्याच्या माणसाने हा विषय का काढावा, असे काही वाचकांना वाटेल. कारण शेतीतच आहे. उसाचे पान डोळ्याला लागते, जखम चिघळते आणि बुबुळावर फूल पडते. द्राक्षाचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर आपण हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतो. तेच औषध माणसाच्या डोळ्यात गेले तर मोठी इजा होते. त्यात मोतीबिंदू आणि साखरेचा आजार घरोघरी. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टिदोष असलेल्यांची नोंद साडेपाच लाखांच्या वर होती. 'आमच्या गावात आंधळे दोन-चारच' असे म्हणणाऱ्यांनी अंधुक दिसणारे आजोबा आणि संध्याकाळी पायरी न दिसणारी आत्याही त्यात मोजावी. उद्या आपलाही नंबर त्यात लागू शकतो.

दुसरे उत्तर ठरलेले असते : 'त्यांना कुणीतरी हाताला धरून आणतंच की!' आणतं, खरं आहे. पण एका उताऱ्यासाठी दोन माणसांची रोजंदारी बुडते, त्याचा हिशेब कोण करतो? शिवाय बँकेत पैसे किती काढले, दवाखान्यात दुखणे काय सांगितले, हे दर वेळी सोबत्यासमोर उघडे पडते. गुजरातमध्ये वलसाड जिल्ह्यात फणसा येथे अंधांना शेती आणि ग्रामीण व्यवसाय शिकवणारे टाटांच्या नावाचे केंद्र 1960 पासून उभे राहिले. अंध माणूस शेतीत काम करू शकतो, तर ग्रामपंचायतीचा ओटा त्याला एकट्याने का चढता येऊ नये?

आपल्या गोदाकाठाची एक वेगळी अडचण आहे. सायखेडा-चांदोरीने 2016 चा आणि 2019 चा पूर पाहिला. पुराच्या धाकाने जोते उंच घ्यावे लागते. जोते उंच म्हटले की पायऱ्या वाढल्या, आणि ओट्याची कड उघडी राहिली की ज्याला दिसत नाही तो सरळ खाली. उपाय म्हणून रॅम्प बांधतात, पण तो बिलापुरता. नियमाने एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, म्हणजे तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट, शिवाय मध्ये टप्पा. जागा नसेल तर वळण घेऊन बांधावा. सात-आठ फुटांत उरकलेला, गुळगुळीत फरशीचा, कठडा नसलेला रॅम्प पायऱ्यांपेक्षाही घातक. ठिबकची नळी टाकताना आपण उतार तपासतो, मग इथे का नाही?

बाकीची कामे फार खर्चाची नाहीत. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंची पिवळी पट्टी मारा, अंधुक दिसणाऱ्याला तेवढी पुरते. सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या, सहा इंचांच्या आत आणि फूटभर रुंद ठेवा. एकच पायरी कमी-जास्त असली की डोळस माणूससुद्धा अडखळतो. दोन्ही बाजूंना कठडा लावा आणि तो शेवटच्या पायरीच्या थोडा पुढे न्या, म्हणजे पायऱ्या संपल्याचे हाताला कळते. आवारातली गटारे आणि टाक्यांची तोंडे झाका. अंधाऱ्या व्हरांड्यात एक ट्यूबलाइट वाढवा.

एक धोका सहसा लक्षात येत नाही. पांढरी काठी जमिनीवरचे सांगते, डोक्याच्या उंचीवरचे सांगत नाही. व्हरांड्यात बाहेर उघडणारी खिडकीची झडप, भिंतीतून पुढे आलेला कूलर, लोंबणारा फलक यांवर माणसाचे कपाळ आपटते. झडपा सरकत्या करा किंवा आत उघडू द्या. दारासमोर मोटारसायकली आणि खताच्या गोण्या नकोत. बाके रोज हलवू नका. अंध माणूस खोलीचा नकाशा मनात ठेवतो, तुम्ही बाक हलवले की तो नकाशा खोटा ठरतो.

रेल्वे फलाटावर पिवळ्या उठावाच्या फरश्या तुम्ही पाहिल्या असतील. जपानच्या सेइची मियाके यांनी त्या 1965 मध्ये शोधल्या, आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. लांब रेघा म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे पायरी किंवा रस्ता आहे. हा अर्थ गवंड्याला माहीत नसेल तर तो नक्षी म्हणून बसवतो आणि वाट खांबावर नेऊन संपवतो. बसवायच्या तर अर्थ समजून बसवा.

आता कायद्याचे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम 2017 मध्ये निघाले, म्हणजे मुदत 2022 मध्येच सरली. नव्या इमारतीला हे निकष पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. स्वतः दृष्टिबाधित असलेले राजीव रतुरी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या प्रकरणात न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्राला बजावले की, सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, सक्तीचे किमान निकष ठरवा. तेव्हा 'वरून पत्र आले नाही' ही सबब फार दिवस टिकणारी नाही.

पैशाचे म्हणाल तर ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पण माझे मत असे की, पट्टी आणि कठड्याचा खर्च त्यातून कापू नये. तो पैसा त्या माणसांच्या हक्काचा. गळके छप्पर आपण इमारतीच्या दुरुस्तीतून नीट करतो, धोक्याची पायरीही त्यातच बसवावी.

आणि हे नुसते सोयीचे काम नव्हे. पूर आला की गाव शाळेत किंवा मंगल कार्यालयात हलवावे लागते. रात्री लाइट गेलेली, मोबाइलवर आलेला संदेश अंधाला वाचता येत नाही, आणि त्या इमारतीचा दरवाजा, जिना, संडास कुठे हे त्याला ठाऊक नाही. अशा वेळी पायरी चुकणे जिवावर बेतते. म्हणून भोंग्यावरून तोंडी सूचना द्या आणि अशा माणसांना ती इमारत पावसाळ्याआधीच एकदा फिरवून दाखवा.

सरपंच, भाऊसाहेब, सदस्य मंडळी, येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. पण आराखडा काढण्याआधी गावातल्या अंध बंधू-भगिनींना बोलवा, फाटकापासून टेबलापर्यंत चालू द्या आणि ते जिथे थांबतील तिथे खडूने खूण करा. इंजिनियरच्या अंदाजपत्रकाची सुरुवात त्या खुणांपासून व्हावी. आणि शेतकरी बंधूंनो, ग्रामसभेत रस्ता आणि पाण्यावर जसे उठून बोलता, तसे या विषयावरही बोला. ठराव झाला तर प्रोसिडिंगला नोंद झाल्याशिवाय घरी जाऊ नका.