प्राध्यापकाने कारखान्यात जावे का?

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ साली अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाण्याने लाभक्षेत्राच्या अर्थकारणात काय बदलले, याची त्यात पाहणी होती. पुढे त्याच प्रवरा परिसरात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. आज कृषी विद्यापीठातल्या एखाद्या सहयोगी प्राध्यापकाने असे काही केले, तर आधी खुलासा मागवणारे पत्र येईल.

प्रश्न मात्र आजचाच आहे. शेतमाल प्रक्रिया उद्योगांना, निर्यातदारांना आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना कृषी अर्थशास्त्र जाणणारी माणसे हवी आहेत. विद्यापीठांत जागा रिक्त आहेत आणि बढती ठरते ती शोधनिबंधांवर, नियतकालिकाच्या मानांकनावर. मग तरुण अभ्यासकाने उद्योगाच्या आत शिरावे, की बाहेरूनच पाहावे?

आत शिरण्याच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. बाजार समितीतला कांद्याचा भाव कुणालाही मिळतो. पण निर्यातीच्या द्राक्षांतली किती क्रेट पॅकहाउसवर नाकारली गेली, कशासाठी नाकारली, कापलेले पैसे कुणाच्या खात्यावर पडले आणि उरलेले किती दिवसांनी मिळाले, हे बाजारभावाच्या तक्त्यात येत नाही. बाहेरच्या अभ्यासकाच्या हाती उरते ती प्रश्नावली: चार गावे, काही शेतकरी, शेवटी 'अडचणी व शिफारशी'. असे प्रबंध ग्रंथालयांतून रांगेने उभे आहेत. ते उघडणारा बहुधा पुढचा प्रबंध लिहिणाराच असतो.

दुसरी बाजू समजायची तर पीक उत्पादन खर्चाचा तक्ता पाहावा. राज्यात राहुरीचे कृषी विद्यापीठ ज्या केंद्रीय योजनेसाठी ही आकडेवारी गोळा करते, तिच्यावर कृषिमूल्य आयोगाचे हिशेब उभे राहतात. त्यात बियाणे, खते, मजुरी येते. घरच्या बाईने केलेली खुरपणी 'कुटुंबाचे श्रम' म्हणून किंमत लावून धरली जाते. 'सी-२' या सर्वसमावेशक उत्पादन खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंडही येतो. विहिरीचे मात्र वीजबिल येते, पंपाचा घसारा येतो, भूगर्भातल्या पाण्याला दरच नाही. उसाखाली थोडे क्षेत्र आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा, ही महाराष्ट्राची जुनी तक्रार या तक्त्यात कुठेच उमटत नाही. शाश्वत शेतीचे अर्थशास्त्र पाण्याचा हा रकाना भरण्यापासून सुरू होते. तो भरला की ऊस महाग दिसणार. कारखान्याच्या पैशातून चालणाऱ्या प्रकल्पातला संशोधक तो किती उत्साहाने भरेल?

गाडगीळांचा दाखला इथे अर्धाच उपयोगी पडतो. ते नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत गेले नव्हते. शेतकऱ्यांच्या मालकीच्या संस्थेत गेले, आणि तेही उघडपणे. पण सहकार झाला तरी तो सभासदांचा. ज्याची विहीर शेजारच्या उसामुळे फेब्रुवारीतच तळ गाठते, तो कोरडवाहू शेतकरी सभासद नसतो. वार्षिक सभेत त्याला हात वर करता येत नाही. त्याची बाजू आकड्यांत मांडणारा कुणी असेल तर तो सरकारी पगारावरचा अभ्यासक. तोच सल्लागार म्हणून टेबलाच्या पलीकडे बसला, तर इकडे कुणी उरत नाही. खासगी कंपनीच्या बाबतीत ही शंका आणखी वाढते.

तरीही दार बंद करावे असे आम्हाला वाटत नाही. उद्योग न पाहिलेला प्राध्यापक विद्यार्थ्यांना जुन्या नोट्सच देणार, आणि ते विद्यार्थी आजही बँकेतल्या कृषी अधिकाऱ्याच्या किंवा एमपीएससीच्या परीक्षेकडेच डोळे लावून बसलेले असतात. अभ्यासकाने आत जावे, पण विद्यापीठाच्या पगारावर आणि ठरावीक मुदतीसाठी. नावे झाकून आकडेवारी प्रसिद्ध करण्याचा हक्क करारातच लिहून घ्यावा. जी संस्था तो देणार नाही, तिच्याकडे जाऊ नये. त्या मुदतीत आणि नंतरची काही वर्षे त्याच पिकाच्या खर्चाच्या किंवा दराच्या समितीवर त्याने बसू नये. बढतीच्या वेळी अशा क्षेत्रकार्याचा खुला अहवाल शोधनिबंधाच्या बरोबरीने धरावा.

पैशाचा प्रश्न राहतोच. रिक्त जागाही न भरणारे सरकार अशा मुदतींचा पगार देईल का, याची खात्री आज देता येत नाही. तो मिळाला नाही तर कंपन्या तो आनंदाने देतील, आणि तेव्हा वरच्या अटींपैकी पहिलीच मोडलेली असेल.