पिल्लू उचललंत, आई कुठाय?

'रेस्क्यू केलं' हे वाक्य आपल्याकडे फार लवकर पूर्ण होतं. गटाराच्या कडेला पिल्लू दिसलं, उचललं, बुटाच्या खोक्यात घातलं, फोटो स्टेटसला टाकला, कुणीतरी एका मुलीचा नंबर दिला, स्कूटरवरून जाऊन खोका तिच्या दारात ठेवला. झालं रेस्क्यू. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. ज्या मुलीच्या दारात खोका ठेवला तिचं काम मात्र तिथून सुरू होतं आणि पुढचे दोन महिने चालतं. तिला इमोजी येत नाहीत. तिला दुसऱ्या दिवशी आणखी एका खोक्याचा फोटो येतो.

माझं म्हणणं सरळ आहे. रत्नागिरीसारख्या शहरात पिल्लू उचलून दुसऱ्याच्या घरी पोचवण्याला आपण जे पुण्य चिकटवलंय, ते चुकीच्या जागी चिकटवलंय. त्याने मांजरांचे हाल कमी होत नाहीत, फक्त रस्त्यावरून उचलून चार घरांत कोंबले जातात. आणि ती चार घरं आता दमली आहेत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यातल्या एका कंपनीचं काम इथूनच घरून करते, आणि घरातली एक खोली फॉस्टरसाठी ठेवली आहे. त्यामुळे हे काठावर उभं राहून बोलत नाहीये.

आपल्याकडे या खोक्यांचाही एक हंगाम असतो. मे महिन्यात चाकरमानी येतात. आंबे, फणस, मुलांना सुट्टी आणि पडवीत मांजरीने घातलेली पिल्लं. मुलं त्यांना नावं देतात, दूध-चपाती घालतात, रील काढतात. शाळा सुरू व्हायच्या आत गाड्या मुंबईला परततात आणि घराला कुलूप लागतं. नेमकी तेव्हाच, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिकी नौकांची मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याला होड्या विसावतात, लिलाव थांबतात, फेकलेली डोकी-आतडी मिळेनाशी होतात. बंदरावर आणि मच्छीमार्केटच्या मागे जगणाऱ्या मांजरांचं ताट एकदम रिकामं होतं. वरून वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा आपला पाऊस. कुलूप, बंदी आणि पाऊस हे तिघं हातात हात घालून येतात, आणि ग्रुपवर 'अर्जंट फॉस्टर पाहिजे' सुरू होतं.

यात आपली जुनी गोणीची पद्धत मिसळा. नको असलेली पिल्लं गोणीत भरायची आणि मच्छीमार्केटजवळ नाहीतर खाडीपलीकडे सोडून यायची. 'तिथे मासे मिळतात, जगतील.' प्राण्यांशी क्रूरपणे वागण्याला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात हा गुन्हा आहे: भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी टाकून देणं. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? किमान १० रुपये, जास्तीत जास्त ५०. इतक्या पैशांत खाडीपलीकडे जाऊन यायचं पेट्रोलही होत नाही. म्हणजे पिल्लं टाकायला जाण्याचा खर्च कायद्याच्या दंडापेक्षा जास्त आहे.

गोणीवाल्याला आपण नावं ठेवतो आणि खोकेवाल्याला टाळ्या देतो. दोघांचा हेतू वेगळा आहे, हे मान्य. एकाला पिल्लू नजरेआड करायचंय, दुसऱ्याला ते जगायला हवंय. पण खोका देऊन झाल्यावर फोन उचलायचा नाही, लशीचे पैसे मागितले तर 'बघतो' म्हणायचं, महिन्याभराने 'अजून गेलं नाही का कुणाकडे?' असं विचारायचं, तर मग गोणी आणि खोक्यात पिल्लाच्या दृष्टीने फरक आहे, फॉस्टरच्या दृष्टीने फारसा नाही.

त्या खोलीत काय चालतं ते सांगते. चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. गाईचं दूध चालत नाही, जुलाब होतात, आणि मुठीएवढ्या जिवाला एका दिवसाचे जुलाब पुरतात. अंग गार पडलेलं असेल तर आधी ऊब द्यायची, मग दूध. उलट केलं तर दूध पचत नाही. अगदी लहान पिल्लाला शी-शूसुद्धा स्वतःहून जमत नाही. आई चाटून ते करवते, आपण ओल्या कापसाने करवायचं. लादी फिनाइलने पुसायची नाही, मांजराला ते विषारी. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल द्यायची नाही, त्याने मांजर मरतं. कुत्र्याचं गोचिडांचं औषध लावायचं नाही; त्यात परमेथ्रिन असेल तर त्यानेही मरतं. हे सगळं करत सकाळी साडेनऊच्या मीटिंगला कॅमेरा ऑन करून बसायचं.

आणि पॅनल्युकोपेनिया. ज्यांनी हे नाव ऐकलं नाही ते सुखी आहेत. उलट्या, जुलाब, दोन-तीन दिवसांत पिल्लू संपतं. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि पुढे तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. तोवर पिल्लाला संरक्षण जवळपास नाहीच. विषाणू घरात कित्येक महिने, वर्षभरही टिकतो. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणची पिल्लं एकत्र ठेवायची नसतात, नवीन आलेलं किमान दोन आठवडे वेगळं ठेवायचं असतं. 'तुझ्याकडे चार आहेतच ना, पाचवं काय जड आहे?' असं जेव्हा कुणी सहज म्हणतं, तेव्हा त्याला हे माहीत नसतं. पाचवं जड नसतंच. पाचवं आधीच्या चौघांना मारू शकतं.

रत्नागिरीत मी ज्या फॉस्टरांना ओळखते त्या जवळजवळ सगळ्या बायका आहेत. कुणी भाड्याच्या वन रूम किचनमध्ये, कुणी सासूच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून गच्चीवरच्या खोलीत. त्यांच्याबद्दल एकच वाक्य ऐकू येतं: 'तिला आवड आहे हो.' बाईच्या फुकट कामाला आवड म्हणायची आपली सवय जुनीच आहे. स्वयंपाकाची आवड, म्हाताऱ्यांचं करायची आवड, आता मांजरांची आवड. आवड म्हटलं की मग खर्च विचारायला नको आणि सुट्टीही द्यायला नको.

आता हिशोब करू. एका खोलीत एका वेळी चार पिल्लांची एक वेत ठेवता येते असं धरा. पिल्लू दत्तक जाण्याजोगं व्हायला साधारण आठ आठवडे लागतात. म्हणजे एक खोली, एकही दिवस रिकामी न ठेवता, एकही पिल्लू न दगावता, प्रत्येकाला वेळेवर घर मिळून, वर्षाला सहा खेपा करेल. २४ पिल्लं. आता दुसरी बाजू. मांजरीचं गाभणपण नऊ आठवड्यांचं. वर्षातून तीन वेळा व्याली आणि दर वेळी चार पिल्लं झाली तर १२. म्हणजे एक फॉस्टर घर वर्षभर झोपमोड करून फक्त दोन मांजरींची बरोबरी करतं. दोन! तुमच्या आळीत किती माद्या आहेत ते मोजा. शिवाय पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की तेही गाभण राहू शकतं, ते मी यात धरलेलंच नाही.

दोन शस्त्रक्रिया केल्या की एका घराचं वर्षभराचं काम वाचतं. इतका सोपा हिशोब असूनही आपली सगळी शक्ती खोके इकडून तिकडे नेण्यात जाते, कारण पिल्लाच्या फोटोला लाइक मिळतात आणि पिंजऱ्यातल्या फिस्कारणाऱ्या मांजरीच्या फोटोला मिळत नाहीत.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. पिल्लं उचलून नेली की मांजरीचं दूध आटतं आणि ती लवकर पुन्हा माजावर येते. म्हणजे आई तशीच सोडून पिल्लं नेणारा माणूस पुढच्या वेतीची तारीख अलीकडे आणतो. त्यातली कितीतरी पिल्लं अनाथ नसतातच. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. लाकडांच्या ढिगात किंवा मांगराच्या कोपऱ्यात एकटं दिसलेलं पिल्लू बऱ्याचदा सहाव्या घरातून सातव्यात जात असतं, किंवा आई खायला शोधायला गेलेली असते. लांब उभं राहून काही तास वाट बघा. थांबणं जमत नसेल तर भोवती पिठाची रेघ ओढा आणि नंतर येऊन पावलं उमटलीत का बघा. पिल्लू कोरडं आहे, पोट भरलेलं आहे, शांत झोपलंय, तर त्याला आई आहे. ती आपल्यापेक्षा चांगली फॉस्टर आहे आणि तिला मीटिंग नसते.

'मग मरणारं पिल्लू बघून पुढे जायचं का?' हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, तोही असा की जणू मीच ते मारलं. नाही, पुढे जायचं नाही. जखमी असेल, गारठलं असेल, आई मेलेली समोर दिसत असेल, तर उचला. पण उचललं त्या क्षणी ते तुमचं. फॉस्टर तुम्हाला मदत करतेय, तुमची सुटका करत नाहीये. दूध-पावडर, लस, डॉक्टरची फी तुमची. आठवड्यातली एक रात्र तुमची. दत्तक घर शोधायचं काम तुमचं. आणि त्याची आई जिवंत असेल तर तिला पकडून नसबंदीला नेणं, हेही तुमचंच. एवढं करणाऱ्याला मी स्वतः हात जोडेन.

दुसरा आक्षेप: 'नसबंदी निसर्गाच्या विरुद्ध आहे. एकदा तरी पिल्लं होऊ देत तिला.' घरोघरी, चांगल्या शिकलेल्या लोकांकडून हे ऐकलंय. एकदा व्याल्याने मांजरीला कोणताही फायदा होत नाही. आणि निसर्गाचा एवढा कळवळा असेल तर गोणी कुठल्या निसर्गातली? मार्केटच्या भिंतीवर बसून पापलेटच्या डोक्याची वाट बघणारं मांजर माणसाच्या वस्तीने घडवलेलं आहे. त्याची जबाबदारी वस्तीची.

वस्ती म्हटलं की नगरपरिषद आली. २००१ साली प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे जे नियम आले त्यांच्या नावातच कंसात 'कुत्रे' होतं. २०२३ मध्ये नवे नियम आले, नावातला कुत्रा गेला, पण भर बहुतांशी कुत्र्यांवरच राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलायचा आदेश दिला, अकरा दिवसांत तो बदलला आणि नसबंदी-लस करून त्याच जागी सोडा असं सांगितलं. देशभर सगळे त्यावर भांडले. मांजर कुणाच्या भांडणात नव्हतं, कारण त्याची भीती वाटत नाही. भीती वाटत नाही त्याच्यासाठी बजेटमध्ये रकाना नसतो. तरी मुंबई महापालिकेने २०१९ पासून भटक्या मांजरांची नसबंदी हाती घेतली. म्हणजे हे होऊ शकतं.

न झाल्यास काय होतं त्याची झलकही आपण पाहिली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरच्या एका सोसायटीतला फ्लॅट बातम्यांत आला. आत तीनशेहून जास्त मांजरं. शेजाऱ्यांच्या तक्रारी, मग मांजरं हलवायचे आदेश. त्या घरावर सगळ्यांनी तोंडसुख घेतलं. मला त्या घराचा निवाडा करायचा नाही. मला एवढंच विचारायचंय की तीनशे मांजरं हलवायची म्हणजे कुठे? पुण्यासारख्या शहरात हा प्रश्न पडत असेल, तर रत्नागिरीत तो पडायच्या आत काहीतरी केलं पाहिजे. दुसऱ्याच्या घरात खोके टाकत राहणारं शहर असा फ्लॅट हळूहळू तयारच करत असतं.

मागणी फार मोठी नाही. दिवाळी ते होळी, पाऊस नसताना, नगरपरिषद आणि पशुसंवर्धन विभागाने मिळून महिन्यातून दोन ठरलेले दिवस मांजरांच्या नसबंदीसाठी ठेवावेत. पकडायचे पिंजरे वॉर्डात ठेवावेत, कुणीही सही करून न्यावेत. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचं टोक कापून खूण करावी, म्हणजे तेच मांजर पुन्हा टेबलावर जाणार नाही. मग त्याला त्याच्या मूळ जागी सोडावं. सुरुवात मिरकरवाडा आणि मच्छीमार्केटपासून करावी. तिथे मांजरं एकाच जागी सापडतात, आणि ती कोणत्या वेळी खायला येतात हे तिथल्या मासे विकणाऱ्या मावशींना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आणि नगरपरिषद हलेपर्यंत वाचकांसाठी एक काम. तुमच्या आळीतली एक मांजर. एकच. चार घरांत वर्गणी काढा. गणपतीला काढतो तशी. चाकरमानी ग्रुपवर असतातच, मे महिन्यात जिच्या पिल्लांचे रील काढले तिच्या ऑपरेशनचे पैसे त्यांच्याकडून जीपेवर मागा, लाजू नका.

येत्या जूनपासून माझ्या खोलीचा नियम बदलतोय. खोका घेऊन येणाऱ्याला आधी आईबद्दल विचारणार. ती जिवंत असेल तर तिच्या नसबंदीची तारीख ठरल्याशिवाय खोका आत येणार नाही. ज्यांना हे निर्दय वाटेल त्यांच्या घरीही एखादी खोली असेलच.