गरिबांची गाडी बाजूला कां?

गणपती जवळ आले कीं मुंबईचा चाकरमानी गांवाकडे निघतो. कुणबी, सुतार, कुंभार, तेली, सगळ्यांचीं बिऱ्हाडें पॅसेंजरच्या डब्यांत दाटीवाटीनें बसलेलीं असतात. गाडी एखाद्या आडगांवच्या स्टेशनांत बाजूच्या रुळावर घेतली जाते. अर्धा तास जातो, पाऊण तास जातो. मूल पाण्यासाठीं रडूं लागतें. मग थंडगार डब्यांची जलद गाडी धडधडत निघून जाते. विचारलें तर "क्रॉसिंग आहे" एवढेंच उत्तर! घरचें स्टेशन येईपर्यंत बाहेरची शेवटची एस्. टी. गेलेली असते, आणि रिक्षाच्या भाड्यांत एका दिवसाची मजुरी जाते.

हें क्रॉसिंग काय आहे, तें आमच्या वाचकांनीं समजून घ्यावें. कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारें ७४० किलोमीटर आहे. २६ जानेवारी १९९८ रोजीं ती सबंध मार्गावर सुरू झाली. पैकीं रोहा ते वीर हा सुमारें ४७ किलोमीटरांचा तुकडा २०२१ सालीं दुहेरी झाला; बाकीचा बहुतेक मार्ग एकेरीच. अरुंद गाडीवाटेवर दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या, तर एकीला शेतांत उतरावें लागतें. आगगाडीला शेतांत उतरतां येत नाहीं, म्हणून स्टेशनांत बाजूला जादा रूळ घालतात. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यांत सामान्यतः एका वेळीं एकच गाडी सोडतात. तुकडा जितका लांब, तितका खोळंबा मोठा. एकीच्या उशिरानें दुसरी अडते, दुसरीमुळें तिसरी.

सर्व मार्ग दुहेरी करणें हा पुरता उपाय खरा. पण ह्या मार्गावर नव्वदांहून अधिक बोगदे आहेत; रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकटा बोगदाच साडेसहा किलोमीटरांचा. तसे दुसरे खोदण्यास वर्षें लागतील, पैसाही लागेल. तोंपर्यंत गरिबानें बाजूलाच उभें रहावें काय?

तसें मुळींच नाहीं. लांब तुकड्याच्या मध्यावर एक क्रॉसिंग स्टेशन घातलें, तर वाट पाहण्याचा वेळ निम्म्यावर येतो. कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे येथें तशीं स्टेशनें झालीं, हें चांगलें झालें. आतां जुन्या स्टेशनांकडेही पहावें. अर्धा किलोमीटर लांबीची गाडी ताशीं १५ किलोमीटरांनीं सांध्यावरून बाजूच्या रुळावर घेतली, तर सांधा ओलांडण्यास दोन मिनिटें लागतात; ताशीं ३० चा सांधा घातला तर एकच मिनिट. बाजूच्या रुळापुढें वाळूचा उंचवटा किंवा तशीच दुसरी सोय नसेल, तर दोन्हीकडच्या गाड्या एकदम आंत घेतां येत नाहींत. एक बाहेरच्या सिग्नलपाशीं ताटकळते. बाजूचा रूळ एकच असून तो मालगाडीनें अडविला, तर सगळाच घोटाळा. हीं कामें डोंगर पोखरण्याइतकीं अवघड नाहींत. थेंबे थेंबे तळें साचतें.

जून २०२३ मध्यें मुंबई-मडगांव वंदे भारत सुरू झाली. आमचा तिच्यावर राग नाहीं. स्टेशनमास्तरावर रागावूनही उपयोग नाहीं. कोणती गाडी आधीं सोडायची, हें त्यास वरून ठरून येतें. पण पहिली पंगत बड्यांची आणि उरल्यासुरल्या अन्नाची पंगत आमची, ही रीत आम्ही गांवांत मोडण्यास निघालों, ती रुळावर कां चालूं द्यावी? एकेरी मार्गावर नवी जलद गाडी घालावयाची तर तिच्यासाठीं बाजूचे रूळ आधीं वाढवावे, हा साधा न्याय आहे.

गरिबाच्या वेळेला किंमत नाहीं, हा समज जुनाच. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तो मोडला; त्यांच्या खटपटीनें १८९० सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. ती कोणी आपण होऊन दिली नाहीं, मागावी लागली.

म्हणून बंधुभगिनींनो, नुसतें कुरकुरूं नका. गाडी कोठें थांबली, किती मिनिटें थांबली, तें तारखेसह टिपून ठेवा. ज्यास लिहितां येत नाहीं, त्यास शाळेंतल्या मुलानें लिहून द्यावें. तीं टिपणें ग्रामसभेंत वाचा, ठराव करा, आणि ठराव रेल्वेकडे व आपल्या खासदाराकडे पाठवा. तक्रार तोंडीं राहिली तर वाऱ्यावर जाते. कागदावर आकडा आला कीं त्याचें उत्तर द्यावें लागतें.