श्वेतपत्रिका आणि पाच दिवस

अंबडास ओट्यावर रद्दी बांधीत असता आमच्या नातवाने एकाच सप्ताहातील दोन जुने अंक आम्हांपुढे धरिले. ता. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने संसदेत मांडलेल्या श्वेतपत्रिकेत, मागील राजवटीच्या पापांमध्ये मुंबईच्या 'आदर्श' सोसायटीचे प्रकरण गोविले होते. त्याच प्रकरणापायी नांदेडच्या श्री. अशोकराव चव्हाण यांस २०१० साली मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. ता. १३ रोजी अशोकराव भारतीय जनता पक्षात दाखल झाले, आणि दुसरेच दिवशी राज्यसभेची उमेदवारी!

त्यांचेवरील आरोप शाबीत झालेला नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. खटल्यास राज्यपालांनी दिलेली संमतीच २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. मग श्वेतपत्रिकेत ते प्रकरण कशास? आणि ज्या काँग्रेसने त्यांस २०१५ साली प्रदेशाध्यक्ष केले, तिच्या पुढाऱ्यांसही त्यांच्या संबंधात धुलाईयंत्र आठवले ते त्यांनी उंबरठा ओलांडल्यावरच!

पर्वतावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे, हे अनुमान आम्ही जन्मभर मुलांस शिकविले. राजकारणात मात्र पर्वत पलीकडच्या तीरावर असेतोच धूर दिसतो.

"आजोबा, यांतला खोटा अंक कोणता?" नातवाने विचारिले. दोन्ही खरे आहेत, असे सांगताना आम्हांस लाज वाटली.