शिक्षा फोनलाच का?

ओएसआय मॉडेलचे सात लेयर खालून वर आणि वरून खाली घडाघडा म्हणून दाखवणारे महाभाग आपल्या कॉलेजात कमी नाहीत. ओरलला एक्स्टर्नलने नुसतं 'नेटवर्क' म्हटलं तरी समोरचा 'फिजिकल, डेटा लिंक...' सुरू करतो. पण याच मंडळींच्या फोनवर वायफायच्या नावाखाली 'कनेक्टेड, नो इंटरनेट' अशी ओळ आली की सगळं इंजिनियरिंग गुंडाळून ठेवलं जातं आणि सुरू होतो ठरलेला कुळाचार! वायफाय बंद-चालू, एअरप्लेन मोड बंद-चालू, फोन बंद-चालू, मग हात उंच करून कॉरिडॉरमध्ये एक प्रदक्षिणा... आणि शेवटी कोणीतरी अनुभवी सीनियर गंभीर चेहऱ्याने सांगतो, "फॅक्टरी रिसेट मार."

माझा आक्षेप आहे तो या शेवटच्या वाक्याला.

त्या एका ओळीत फोन दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतो. 'कनेक्टेड' म्हणजे तुमचा फोन आणि भिंतीवरचा अ‍ॅक्सेस पॉइंट यांचं जमलंय. पासवर्ड बरोबर आहे, रेंज आहे, आयपी पत्ताही बहुधा मिळालाय. 'नो इंटरनेट' हा मात्र फोनने काढलेला अंदाज. तो कसा काढतो? अँड्रॉइड फोन वायफायला जोडला गेला की गुपचूप गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर छोटीशी विनंती पाठवतो. तिथून २०४ हा कोड, म्हणजे 'पोचलं, पण द्यायला काही नाही' असं कोरं उत्तर आलं की स्वारी खूश. आयफोन अ‍ॅपलचं एक पान मागवतो, त्यावर 'सक्सेस' एवढाच शब्द असतो. उत्तराऐवजी भलतंच पान हाती आलं तर फोन म्हणतो साइन इन करा, आणि काहीच आलं नाही तर ती आपली प्रसिद्ध ओळ. म्हणजे बिचारा एवढंच म्हणतोय की मी पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. पोस्टमनने हरवलं, पोस्ट बंद होतं की पत्ता सापडला नाही, हे त्याला कुठून कळणार? आणि आपण शिक्षा देतो पत्र लिहिणाऱ्याला!

ही शिक्षा किती महाग पडते ते आमच्या मजल्यावर पाहिलंय. सिव्हिलच्या एका मित्राने असाच सल्ला ऐकून फोन रिसेट केला. बॅकअप नव्हता. साइटवरचे दोन महिन्यांचे फोटो गेले, ते एक वेळ ठीक. प्रोजेक्ट गाइडचे पाय धरता येतात. पण गावाकडच्या आजोबांनी पाठवलेले व्हॉइस मेसेज होते, आणि आजोबा आता नाहीत. एवढं करून फोन चालू झाल्यावर वायफायखाली काय दिसलं असेल? तीच ओळ!

कारण बिघाड फोनमध्ये नव्हताच. होस्टेलच्या नेटला प्रत्येकाने आपल्या यंत्राचा मॅक अ‍ॅड्रेस फॉर्मवर लिहून द्यायचा. यादीत नसलेलं यंत्र वायफायला जोडलं जातं, पण फायरवॉल त्याला बाहेर सोडत नाही. मित्राने लिहिला तो खोक्यावर छापलेला, खरा पत्ता. पण २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला मूळ मॅक दाखवतच नाही, प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनावट पत्ता तयार करतो. दुकानांच्या वायफायने आपला माग काढू नये म्हणून केलेली ही सोय, आणि चांगली सोय आहे. फक्त होस्टेलचा फॉर्म ज्या काळात बनला तेव्हा ती नव्हती, आणि फॉर्म बदलायचं कोणाला सुचलं नाही. त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस मॅक वापरा' एवढं निवडलं की संपलं. अर्ध्या मिनिटाचं काम हो!

म्हणून म्हणतो, आधी चौकशी, मग शिक्षा. सगळ्यात पहिला प्रश्न विचारायचा तो शेजारच्या फोनला. त्याच वायफायवर रूममेटचाही फोन अडला असेल तर तुमचा फोन निर्दोष आहे, त्याला खिशात ठेवा. घरी असाल तर फायबरच्या डब्यावर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागलाय का बघा. लागला असेल तर प्रकाश डब्यापर्यंत येतच नाहीये. बाहेर कुठेतरी खोदकाम करणाऱ्याने वायर तोडली असेल, किंवा घरातच कोणी कपाट सरकवताना दुमडली असेल. तिथे फोनचे दहा रिसेट करून काय होणार?

फक्त तुमचाच फोन अडला असेल तर पुढे. लॉगिनचं पान आपोआप येत नाही ही नेहमीची तक्रार. आजकाल जवळपास प्रत्येक साइट एचटीटीपीएसवर चालते आणि अशा बंद पाकिटात होस्टेलचं पोर्टल आपलं पान घुसवू शकत नाही. त्यामुळे साधी एचटीटीपी साइट उघडायची किंवा पोर्टलचा आकडी पत्ता थेट टाकायचा, पान हजर. मग फोनची तारीख पाहा. गेममध्ये फुकट 'लाइफ' मिळावी म्हणून घड्याळ पुढे ढकलून ठेवणारे वीर मला माहीत आहेत (नावं सांगत नाही). वर्षभर पुढे गेलेल्या फोनला बहुतेक साइटची सर्टिफिकेटं मुदत संपलेली वाटतात आणि तो बोलायलाच तयार होत नाही.

आणि हल्लीचा खास मानकरी म्हणजे प्रायव्हेट डीएनएस. ही सोय २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये आली. जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून कोणाचा तरी व्हिडिओ बघून आपण तिथे एक नाव टाकतो आणि विसरून जातो. ही डीएनएस ८५३ नंबरच्या पोर्टवरून चालते. कॅम्पसच्या फायरवॉलने तो पोर्ट बंद ठेवला असेल तर फोनला एकाही साइटचा पत्ता सापडत नाही, मोबाइल डेटावर मात्र सगळं झकास! ओळखायची युक्ती सोपी : ब्राउझरमध्ये नावाऐवजी नुसता आकडी पत्ता टाका. तो उघडला पण नावाने काहीच उघडत नसेल, तर चोर डीएनएसच. प्रायव्हेट डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर टाका आणि जेवायला जा. अगदीच काही सुचेना तर फॅक्टरी रिसेटच्या वर 'रिसेट नेटवर्क सेटिंग्ज' असा वेगळा पर्याय असतो. त्याने वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, फोटो जात नाहीत.

आता थोडं दुसऱ्या बाजूला. आपण तक्रार करतो ती 'वायफाय चालत नाही' अशी. यावर नेट सांभाळणारे काका 'फोन रिसेट कर' म्हणाले तर त्यांना दोष तरी किती द्यायचा? पण काही वेळा दोष खरोखर तिकडेच असतो. साधा हिशोब बघा. १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या नेहमीच्या नेटवर्कमध्ये वापरता येणारे पत्ते २५४. होस्टेलमध्ये मुलं २०० धरली आणि प्रत्येकाचा एक फोन, एक लॅपटॉप, तर झाले ४००. प्रत्येक पत्ता २४ तासांसाठी दिला जात असेल तर रात्री उशिरा आलेल्याला काय मिळणार? त्याचा फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' वर अडकतो आणि लॅपटॉप १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच स्वतःला देऊन बसतो. हा १६९.२५४ लिहून नेला की काकांना फोनकडे बोट दाखवता येत नाही. पत्त्यांची मुदत कमी करा किंवा नेटवर्क मोठं करा, हे मग त्यांचं काम. परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या रात्री हा फरक लेट फीएवढा असतो!

आमच्या मजल्यावर यासाठी एक वही सुरू केली आहे. वेळ, खोली, किती फोन अडले, कोणता पत्ता मिळाला, आकड्याने साइट उघडते का, नावाने उघडते का, एवढेच रकाने. दर शनिवारी ती रेक्टर सरांकडे जाते. वही वॉटर कूलरशेजारी टांगली आहे. पेन तेवढं आपलं आणा, दोरीला बांधलेलं पहिल्याच दिवशी गेलं.