पोती किती बसतात?

आमच्या लातुरात गाडीची पारख रंगावरून होत नाही. गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी कुठेही उभे राहा, पिकअप दिसली की पहिला प्रश्न ठरलेला : पोती किती बसतात?

शेव्हरले एसएसआर या अमेरिकन पिकअपला मात्र हा प्रश्न कुणी फारसा विचारलाच नसावा. जानेवारी २००० मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात तिचा नमुना मांडला गेला आणि लोक हरखले. हरखण्यासारखीच होती ती! १९४७ नंतरच्या शेव्हरले मालट्रकांचा तोच तोंडवळा, तीच फुगीर मडगार्डे. शेतमाल वाहून वाहून ज्यांची हाडे खिळखिळी झाली, त्या ट्रकांचा हा नटवा नातू. शेव्हरले हे नाव आपल्या आजोबांनाही परके नव्हते. १९२८ पासून शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होताच.

२००३ साली ती विक्रीला आली. बटण दाबावे, तो पोलादी छप्पर घडी होऊन आसनांमागे उभे! बसायचे मात्र दोघांनीच, आणि किंमत सुमारे ४२ हजार डॉलर. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या शर्यतीत सर्वांपुढे धावण्याचा मान तिला मिळाला. पण दोन टनांहून जड देहाला ३०० अश्वशक्तीही अपुरी वाटू लागली. २००५ मध्ये ३९० अश्वशक्तीचे इंजिन बसवले. वेग वाढला, गिऱ्हाईक वाढले नाही. शर्यतवाल्याला ती जड, मालवाल्याला निरुपयोगी. हौद्यावर घट्ट झाकण आणि आत चक्क गालिचा! त्या गालिच्यावर तुरीचे पोते आपटायची हमालाची तरी छाती होईल का? मार्च २००६ मध्ये उत्पादन थांबले, तोवर जेमतेम २४ हजार गाड्या निघाल्या होत्या.

गंमत पाहा, तिची घरघर सुरू असताना, मे २००५ मध्ये, टाटांनी ‘एस’ बाजारात आणली. आपला छोटा हत्ती! दोन सिलिंडर, अश्वशक्ती अवघी सोळा. दोन वर्षे होण्याआधीच लाखभर गाड्या खपल्या. रूपाचे म्हणाल, तर बोलू नये. पण आमच्याकडे कित्येक घरांत चालक तोच मालक. चार खेपा झाल्या की बँकेचा हप्ता सुटतो, पोरांची फी भरली जाते.

तरीही खरे सांगतो, एसएसआरचे चित्र मला आवडते. अडत बाजारातल्या एका ओळखीच्या अडत्यांना ते दाखवले. चष्मा वर सरकवून त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “वरातीला भाड्यानं देतात का ओ?”